फिशमील घालायचं तर आधी मीठ मोजा

कंपनीच्या करारावर ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) वाढवत असाल तर खाद्य तयारच येतं, त्यात तुम्हाला विचारतंय कोण! हे घरच्या मिक्सरवर खाद्य बनवणाऱ्यांसाठी.

ब्रॉयलरला फिशमील, म्हणजे वाळवलेल्या मासळीची भुकटी, मानवतं, कारण त्यात लायसिन आणि मेथिओनिन ही दोन्ही अमिनो आम्लं भरपूर. अडचण मालाची आहे. आमच्या कोकणात किनाऱ्यावर वाळवलेल्या मासळीत वाळू येतेच. काही जण वरून घालतातही. मूठभर माल काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळा आणि थांबा. खवले, काटे मागाहून बसतात, वाळू आधी तळ गाठते. तळाचा गाळ बोटांत चोळला की करकर कळते. काही जण खारटपणा जिभेवर बघतात, मी नाही बघत. साल्मोनेला जंतूची बाधा पक्ष्यांना होते तशी माणसालाही होते.

लॅबमध्ये प्रथिनांसोबत मीठ आणि वाळूही तपासून घ्या. नुसत्या प्रथिनांच्या आकड्यावर जाऊ नका, कारण ती चाचणी नायट्रोजन मोजते आणि युरियाही त्यात प्रथिन म्हणून खपतो. शंका आली तर दोन ग्लासांत फिशमील आणि कोमट पाणी घ्या, एकात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाका, दोन्ही झाका. अर्ध्या तासाने सोयाबीनच्या ग्लासातच अमोनियाचा भपका आला, तर माल परत.

100 किलो स्टार्टरला (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याला) मी मका 57, सोयापेंड 32 आणि 50 टक्के प्रथिनांचं फिशमील 5 किलो घेते. बाकी 6 किलोत तेल, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण) वगैरे. प्रथिनं 22 टक्क्यांच्या आसपास बसतात. आता मीठ: फिशमीलमध्ये 4 टक्के असेल तर 5 किलोतून 200 ग्रॅम आलंच. एरवी 300 घालत असाल तर वरून फक्त 100. हा हिशेब चुकला की पक्षी पाणी पीत सुटतात आणि लिटरचा, म्हणजे शेडमधल्या भुशाच्या थराचा, चिखल होतो. काट्यांतून कॅल्शियम-फॉस्फरस येतं, म्हणून डीसीपीही थोडं कमी.

करपलेला, काळपट माल स्वस्तात मिळाला तरी नको, त्याने गिझार्डला (पक्ष्याच्या दाणे दळणाऱ्या जठराला) जखमा होतात. खवट वासाचाही नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात जुना साठाच फिरतो. त्या दोन महिन्यांत मी सरळ सोयापेंडीवर भागवते.

विक्रीच्या दोन आठवडे आधी फिशमील पूर्ण बंद. फिनिशरला (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याला) मका 62, सोयापेंड 32 पुरते. नाहीतर चिकनवाला फोन करून विचारतो, कोंबडी दिलीत की बांगडा?