ओम्नीचं पाणी रोज कमी होतंय? रेडिएटर बदलायच्या आधी हे बघा

जुन्या मारुती ओम्नीत रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतायचं आणि दिवस ढकलायचा ही सवय लागलेले बरेच जण आहेत, आणि यातला कोणीही गॅरेजला गेला की पहिलं वाक्य ठरलेलं, साहेब रेडिएटर गेलाय. कधीकधी खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा पाइपची क्लिप नाहीतर कॅप निघते, म्हणून खिशात हात घालायच्या आधी एक सकाळ काढा आणि स्वतः बघा.

ओम्नी १९८४ ते २०१९ विकली गेली, आणि ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे नाकात ही रचना शेवटपर्यंत तीच. म्हणजे पाण्याला नाकापासून सीटखालपर्यंत जाऊन परत यायचं असतं, मध्ये रबरी पाइप, क्लिपा, जोड, सगळं खालून धूळ-चिखल खात. त्यामुळे जमिनीवरचा थेंब बघून निष्कर्ष काढू नका. गाडी पळताना वारा पाणी मागे ढकलतो, पुढे गळलेलं इंजिनवर दिसतं, आणि वर गळलेलं चासीच्या पट्टीवरून ओघळत भलतीकडेच टपकतं.

सगळ्यात आधी, गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडायची नाही, फडकं धरून नाही, हळूहळू पण नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. सगळी तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा, पुढची चाकं कुठे आहेत त्याची पेनाने खूण करा. सकाळी डाग असेल तर बोट लावून बघा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते रंगीत द्रव, हिरवा, लाल किंवा निळा असतो, बोटांत चोळला की जरा बुळबुळीत आणि वास गोडसर. चाखून बघू नका, विषारी असतो, आणि कुत्री-मांजरं तो चाटतात, तेव्हा डाग धुऊन टाका. एसी असेल तर साधं पाणी टपकणारच, त्याला ना रंग ना बुळबुळीतपणा. आणि वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी ओतलं असेल तर रंगावरून काही कळणार नाही, उलट आत क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या असण्याची शक्यता जास्त.

आता सीट उचला, टॉर्च घ्या आणि ओलं शोधू नका, डाग शोधा. कूलंट गरम इंजिनवर वाळून जातो पण मागे पांढरा किंवा हिरवट खरवडा सोडतो, पाइपच्या तोंडाशी, क्लिपखाली, थर्मोस्टॅटच्या डबीच्या गास्केटला. प्रत्येक पाइप क्लिपजवळ दाबा. कडक होऊन करकरतो किंवा फुगून मऊ पडलाय तर बदलायचाच. फक्त सकाळी थंडीत गळतं आणि गाडी तापली की थांबतं, तर आधी क्लिपवर संशय घ्या, रबर थंड झालं की आकसतं आणि जोड सैल पडतो. पेचकस अर्धा फेरा फिरवून काम होतं, पण जोर लावून आवळू नका, जुना पाइप क्लिपखालीच चिरतो.

वॉटर पंप बघताना अल्टरनेटरच्या पट्ट्याकडे बघा, तोच पट्टा पंप फिरवतो. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. काही हुशार लोक त्यात एम-सील भरतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जागीच बसतो. पुली धरून हलवा, खेळ असेल किंवा त्या भोकापासून खाली ओघळ असेल तर पंप बदला, त्याला दुसरा इलाज नाही.

गॅसवरची गाडी असेल तर हा भाग नीट वाचा, कारण इथे मेकॅनिक हमखास चुकतात. गॅस किटच्या वेपरायझरला, म्हणजे द्रव गॅसची वाफ करणाऱ्या डबीला, गरम ठेवायला इंजिनचंच पाणी फिरवलेलं असतं, आणि त्यासाठी मूळ पाइप कापून टी-जॉइंट टाकलेले असतात. म्हणजे कंपनीने न दिलेले अर्धा डझन जोड वाढले, आणि किट बसवणाऱ्याने क्लिपा कशा लावल्या ते देव जाणे. पाणी कमी झालं की आधी वेपरायझर थंड पडतो, त्याच्यावर पांढरं हिंव धरतं, गाडी अडखळते, बंद पडते आणि पेट्रोलवर मात्र बरी चालते. लोक गॅसचं ट्यूनिंग करून घेत बसतात आणि गाडी मागते पाणी.

इतकं करून गळती दिसलीच नाही तर ती दाबाखालीच उघडत असणार. रेडिएटरच्या दुकानात हातपंपासारखा टेस्टर असतो, कॅपच्या जागी लावून कॅपवर छापलेल्या दाबापर्यंत, बहुतेक ०.९ बार, हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. त्याच्यावर जास्त भरू देऊ नका. घरी करायचं तर इंजिन कोरडं पुसून संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी चालवून आणा, बंद करून जरा थांबा. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ स्पष्ट दिसते, आणि तिचं वरचं टोक जिथे सुरू होतं ती गळती.

त्याच टेस्टरवर कॅप पण तपासून घ्या, स्वस्त वस्तू आहे पण तिच्यापायी रेडिएटर बदललेले लोक आहेत. कॅप ०.९ बारचा दाब धरते तेव्हा पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, स्प्रिंग मेली की शंभरलाच, आणि महाबळेश्वरला पोचलात तर ९५-९६ ला. मग घाटात पाणी रिझर्व्ह टाकीतून बाहेर फेकलं जातं आणि आपण भोक शोधत बसतो. पंखा वेळेवर सुरू होत नसेल तरी हेच होतं, तो पण बघा.

रेडिएटर खरंच गळत असेल तर कुठला आहे ते बघा. जुना तांब्या-पितळेचा असेल तर चांगला कारागीर डाग (सोल्डर) देऊन देतो आणि तो वर्षं काढतो. ॲल्युमिनियमला प्लास्टिकची टाकी असलेला मात्र बहुतेक जोडावर गळतो, तो बदललेला बरा. रस्त्यात अडकलात तर हळद टाकायचा जुना उपाय आहे, बारीक भोक बुजतंही, पण तेवढ्यापुरतंच, पुढच्या गावी पोचून सगळी सिस्टिम धुऊन घ्या नाहीतर तीच हळद नळ्यांमध्ये बसते. लीक-स्टॉपच्या बाटल्यांनाही हेच लागू.

आता वाईट शक्यता. बाहेर कुठेच ओलं नाही, दाब मात्र उतरतो आणि पाणी कमी होतंच, तर ते आत चाललंय. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, सकाळी स्टार्ट केल्याकेल्या वरचा पाइप दगडासारखा कडक, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, किंवा तीनपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, यातलं काही दिसलं तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलपट्टी, गेलेली असते. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला ते नुसत्या वाफेने पण होतं, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी हलवू नका. गॅसच्या गाडीत वेपरायझर आतून फुटला तरी पाण्यात बुडबुडे येतात, म्हणून हेड उघडायच्या आधी पेट्रोलवर चालवून आणि वेपरायझरचे पाइप बायपास करून बघायला सांगा. आणि हेड उतरवलंच तर हेडची बसायची बाजू सपाट आहे का ते तपासल्याशिवाय नवीन गास्केट टाकू देऊ नका, हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापून वाकतं.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर पण पूर्ण भरवसा नको. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा खाली येतो, ड्रायव्हर खूश, इंजिन जळतंय.

काम झालं की कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला. ओम्नीत पाइप लांब असल्याने हवा अडकते, म्हणून नाक चढावर करून सावकाश भरा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, कॅप काढून इंजिन चालू ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत रहा, मग कॅप लावून पंखा सुरू होईपर्यंत थांबा. हे बंद शेडमध्ये करू नका, धूर कोंडतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी थोडी उतरलेली असेल, ती हवा निघाल्याची, तेवढी भरा आणि टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवा. आठवड्याने रेघेखाली गेलं तर पुन्हा पुठ्ठा.