ज्वारीच्या धाटातले फेरुलिक आम्ल : वनस्पती-जीवरसायनशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी काही अनुभव

जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला नव्याने आलेले विद्यार्थी प्रकल्पाच्या विषयाबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना फेरुलिक आम्ल (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत आढळणारे एक फिनॉलिक संयुग) आणि त्यासाठी नमुना म्हणून ज्वारीचा कडबा सुचवतो. माझा स्वतःचा प्रकल्प याच विषयावर होता. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा मुलूख आहे आणि काढणीनंतर मालदांडी वाणाची धाटे इथे कोणत्याही शेतकऱ्याकडे सहज मिळतात. महागडा नमुना मागवण्यात महिने घालवण्यापेक्षा, ज्याची पेरणी आणि काढणी आपण स्वतः पाहिली आहे अशा पिकावर काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हिंगाच्या कुळातील वनस्पतीच्या रेझिनमधून हे आम्ल 1866 मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. त्याचा रेणुभार सुमारे 194 आहे, आणि रचना पाहिली तर एका बेंझीन कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट, एक मिथॉक्सी गट आणि तीन कार्बनची शेपटी दिसते. वनस्पती ते फेनिलॲलानिन या अमिनो आम्लापासून बनवते. पीएएल (फेनिलॲलानिन अमोनिया-लायेज) हे विकर फेनिलॲलानिनमधून अमोनिया काढून सिनॅमिक आम्ल तयार करते. गवतवर्गीय वनस्पतींमध्ये हेच विकर टायरोसिन हे दुसरे अमिनो आम्लही वापरू शकते, आणि त्यामुळे एक पायरी वाचून थेट पी-कौमारिक आम्ल मिळते. त्यापुढे कॅफिक आणि मग फेरुलिक आम्ल, अशी सरळ रांग अनेक पाठ्यपुस्तके दाखवतात. ही रांग पाठ करून थांबू नये, असा माझा आग्रह आहे, कारण मिथिल गट जोडण्याचे बरेचसे काम आम्लावर न होता पुढच्या अल्डिहाइड अवस्थेत होते, आणि अल्डिहाइडचे ऑक्सिडीकरण होऊनही फेरुलिक आम्ल तयार होते, हे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीवरील 2004 च्या कामातून स्पष्ट झाले आहे.

खरा रस मात्र पुढे आहे. गवतवर्गीय पिकांच्या पेशीभित्तिकेत अरॅबिनोझायलन नावाची बहुशर्करा असते आणि तिच्या अरॅबिनोज एककांवर फेरुलिक आम्ल एस्टर बंधाने जोडलेले असते. पेशीची वाढ थांबत आली की पेरॉक्सिडेज विकरे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने अशा दोन रेणूंना एकमेकांशी जोडतात. त्यातून दोन शर्करासाखळ्या बांधल्या जातात, आणि काही फेरुलेट (फेरुलिक आम्लाचे जोडलेले रूप) भित्तिकेला कडकपणा देणाऱ्या लिग्निनलाही जोडले जातात. चादरीतल्या उभ्या-आडव्या धाग्यांची वीण जशी कापडाला ताण सोसायला शिकवते, तसे हे जोड धाटाला उभे ठेवतात. पण वनस्पतीला उपयोगी पडणारा हाच बळकटपणा जनावराच्या पोटात अडथळा होतो, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना त्या शर्करांपर्यंत सहज पोहोचता येत नाही. कडब्यावर युरियाची प्रक्रिया करतात त्यामागचे एक कारण हेच आहे. युरियापासून निघणारा अमोनिया हे एस्टर बंध तोडतो आणि चारा अधिक पचनीय होतो. विद्यार्थ्यांनी घरच्या गोठ्यातला हा व्यवहार रसायनाच्या भाषेत एकदा नीट मांडून पाहावा. त्यानंतर एस्टर बंध विसरला जात नाही.

प्रयोगाची सुरुवात मी सूक्ष्मदर्शकाखाली करायला सांगतो. धाटाचा पातळ आडवा छेद अतिनील प्रकाशात पाहिला की भित्तिका निळ्या चमकतात. अमोनिया दिल्यावर फेरुलेट असलेल्या भित्तिकांची चमक हिरवट होते, तर केवळ लिग्निनमुळे येणारी निळी चमक तशी बदलत नाही. हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावे. मोजमापासाठी नुसता मिथेनॉलचा अर्क पुरेसा नाही, कारण त्यात मुख्यतः मुक्त आम्ल येते आणि कडब्यातील बहुतांश फेरुलिक आम्ल बद्ध असते. अर्क काढून उरलेला चोथा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, शक्यतो नायट्रोजनच्या वातावरणात, ठेवावा. नंतर द्रावण आम्लधर्मी करून इथिल ॲसिटेटने आम्ल वेगळे करावे आणि एचपीएलसीवर (संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) सुमारे 320 नॅनोमीटरला मोजावे. प्रकाशात या आम्लाच्या ट्रान्स रूपाचे सिस रूप (अणू तेच, पण मांडणी वेगळी) होते आणि आलेखात दुसरे शिखर उमटते, म्हणून तपकिरी बाटल्या वापराव्यात. फोलिन-सिओकाल्टो चाचणी स्वस्त आणि सोपी आहे, पण ती एकूण फिनॉलिक संयुगांचा अंदाज देते. तिच्या आकड्याला ‘फेरुलिक आम्लाचे प्रमाण’ म्हणणे चुकीचे आहे, आणि प्रबंधांमध्ये ही गल्लत मला वारंवार दिसते.

सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवविज्ञान अभ्यासक्रमात वनस्पती शरीरक्रियाशास्त्राच्या घटकात फिनॉलिक संयुगांचे जैवसंश्लेषण आहेच. प्रकल्प नीट केला असेल तर त्यासाठी वेगळी तयारी फारशी लागत नाही.

प्रकल्पाचा प्रश्न लहान ठेवावा. एकाच शेतातील एकाच वाणाची पाने, कांडी आणि कांड्यांमधील गाठी वेगळ्या करून त्यांतील बद्ध फेरुलिक आम्लाची तुलना करणे एवढे काम एका सत्रात नेटके होते. ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे त्यांनी पानाची मधली शीर तपकिरी असलेल्या (ब्राउन मिडरिब, म्हणजे बीएमआर) ज्वारीवरील संशोधन वाचावे. 1978 मध्ये रासायनिक उत्परिवर्तनाने मिळवलेल्या या वाणांपैकी ‘बीएमआर-12’मध्ये मिथिल गट जोडणारे विकर बिघडलेले आहे आणि ‘बीएमआर-6’मध्ये अल्डिहाइडचे अल्कोहोल करणारे. सोलापुरात रब्बी ज्वारीवर संशोधन करणारे केंद्र आहे. मार्गदर्शकांचे पत्र घेऊन तिथल्या पैदासकारांना भेटावे, आणि कडब्याची प्रत ठरवताना ते भित्तिकेच्या रसायनाकडे कसे पाहतात, हा प्रश्न सोबत न्यावा.