संकेतस्थळ अडवले गेले, तर आदेशाची प्रत कशी मागावी

नागपूरच्या धरमपेठेतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला आपला फोन दाखवला. त्याला हव्या असलेल्या लेखसंग्रहाचे पान उघडत नव्हते आणि त्याऐवजी पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एवढीच ओळ होती की, दूरसंचार विभागाच्या निर्देशांनुसार हा पत्ता अडवण्यात आला आहे. आदेशाचा क्रमांक, दिनांक, कायद्याचे कलम यांपैकी काहीही त्या ओळीत नव्हते. ‘आता कोणाला विचारायचं, काका?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 वापरून त्याचे उत्तर नागपुरात बसून कसे मागता येते, ते येथे सविस्तर सांगत आहे.

अर्ज लिहिण्याआधी पान खरोखरच आदेशाने अडवले आहे का, याची खात्री करावी. तेच पान मोबाइल डेटावर, घरच्या ब्रॉडबँडवर आणि शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडून पाहावे. महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या वाय-फायवरच ते बंद असेल, तर अडथळा त्या संस्थेचा आहे आणि सरकारकडे अर्ज करून काही हाती लागणार नाही. एका कंपनीच्या जोडणीवर पान बंद आणि दुसरीवर सुरू, असेही होते, कारण आदेश सर्वांना दिलेला असला तरी प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने अमलात आणते. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि पूर्ण पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. पुढे अपिलात हाच पुरावा कामी येतो.

त्यानंतर आदेश कोणाचा असू शकतो, याचा विचार करावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 69अ खाली केंद्र सरकार देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्यास चिथावणी रोखणे, एवढ्याच कारणांसाठी मजकूर अडवू शकते आणि हे काम इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडून चालते. कॉपीराइटच्या वादात न्यायालये पत्ते बंद करण्याचे आदेश देतात आणि दूरसंचार विभाग ते इंटरनेट कंपन्यांना कळवतो, अशा वेळी खटल्याचा क्रमांक शोधावा लागतो. समाजमाध्यमावरील एखादी पोस्ट दिसेनाशी झाली असेल, तर त्यामागे याच अधिनियमाच्या कलम 79(3)(ब) खालील, मजकूर काढण्याची सरकारी सूचना असू शकते किंवा कंपनीचा स्वतःचा निर्णयही असू शकतो. कंपनीने स्वतः काढलेल्या पोस्टसाठी माहिती अधिकार लागू होत नाही. तेथे आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि समाधान न झाल्यास 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपिलीय समितीकडे ऑनलाइन जावे.

आता मुख्य काम, म्हणजे प्रश्न लिहिणे. बहुतेक अर्ज येथेच फसतात. माझा पहिला अर्ज मी मोठ्या तळमळीने लिहिला होता: हे संकेतस्थळ का अडवले, त्यात आक्षेपार्ह काय होते, वाचकांचा हक्क सरकारला मान्य नाही का? तिसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले की, विचारलेल्या बाबी ‘माहिती’ या व्याख्येत बसत नाहीत. ते उत्तर मला त्या वेळी फार लागले. पुढे कायदा नीट वाचल्यावर कळले की माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 2(च) मधील माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख होय आणि जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने, नवे स्पष्टीकरण किंवा मत तयार करून द्यावे, असे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. म्हणून ‘का’ हा शब्द अर्जातून काढून टाकावा आणि ज्या कागदात त्या ‘का’चे उत्तर असेल, तो कागद मागावा. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे करायचा अर्ज साधारण असा असावा:

“विषय: (पूर्ण पत्ता) हे संकेतस्थळ रोखण्यासंबंधीचे अभिलेख. (1) माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 69अ खाली सदर पत्ता रोखण्याचा आदेश काढला असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक कळवावा. (2) त्या आदेशाची प्रत द्यावी आणि काही भाग देता येत नसल्यास माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 10 नुसार उर्वरित भाग द्यावा. (3) कार्यवाही कलम 69अ खाली मजकूर रोखण्याच्या 2009 च्या नियमांपैकी नियम 8 खाली सूचना देऊन केली की नियम 9 खाली तातडीने केली, हे दर्शवणाऱ्या नोंदीची प्रत द्यावी. (4) नियम 14 खालील पुनर्विलोकन समितीने या आदेशाबाबत नोंदवलेल्या निष्कर्षाची प्रत द्यावी. (5) हे अभिलेख अन्य प्राधिकरणाकडे असल्यास अर्ज कलम 6(3) नुसार पाच दिवसांत हस्तांतरित करावा.”

अधिकाऱ्यांची नावे मागू नयेत, पदनाम पुरेसे आहे. माहिती अधिकार अधिनियमाचे वैयक्तिक माहितीविषयीचे कलम 8(1)(ञ) डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बदलले असून नोव्हेंबर 2025 पासून त्यातील सार्वजनिक हिताचा अपवाद राहिलेला नाही. नाव मागितले की नकाराला आयते निमित्त मिळते. कलम 8(2) मधील व्यापक सार्वजनिक हिताची तरतूद मात्र शाबूत आहे आणि गरज पडल्यास तिचा आधार घ्यावा. अर्ज कशासाठी केला, हे सांगण्याची सक्ती नाही. कलम 6(2) तसे स्पष्ट म्हणते.

केंद्राच्या कार्यालयांसाठी केंद्राचे आरटीआय ऑनलाइन पोर्टल आणि राज्याच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्राचे वेगळे पोर्टल आहे. यात गल्लत करू नये, कारण राज्याच्या कार्यालयाचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर केल्यास तो परत येतो आणि शुल्क मिळत नाही. दोन्हीकडे शुल्क 10 रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. केंद्राच्या पोर्टलवरील चौकटीत 3000 अक्षरांपर्यंत मजकूर बसतो. कलम 6(1) नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणून नागपूरकराने दिल्लीच्या मंत्रालयाला मराठीत अर्ज केला तरी तो कायदेशीरच आहे. तो पीडीएफ करून जोडावा. ज्यांना ऑनलाइन भरणा जमत नाही, त्यांनी सिव्हिल लाइन्समधील मुख्य टपाल कार्यालयात केंद्राच्या अर्जांची सोय विचारून घ्यावी. राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ भरून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. तेथे विषय एकच आणि शब्द 150 पर्यंत, असा राज्याचा नियम आहे. शब्द मोजूनच अर्ज द्यावा.

राज्याच्या पोर्टलची खरी गरज इंटरनेटच बंद झाल्यावर भासते. नोव्हेंबर 2021 मध्ये शेजारच्या अमरावतीत हिंसाचारानंतर संचारबंदीबरोबर इंटरनेटही बंद झाले होते. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले की, असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, ते अमर्याद काळासाठी असू शकत नाहीत आणि उपाय परिस्थितीच्या प्रमाणात असावा. दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याविषयीच्या 2024 च्या नियमांनुसार एका आदेशाची कमाल मुदत 15 दिवस आहे. सामान्यतः आदेश राज्याच्या गृह विभागाचे सचिव काढतात, म्हणून प्रत गृह विभागाकडे मागावी आणि स्थानिक प्रस्तावाची प्रत वेगळ्या अर्जाने पोलीस आयुक्तालयाकडे मागावी. एकाच अर्जात दोन्ही घातल्यास विषय एकच नसल्याची हरकत येऊ शकते.

उत्तरासाठी 30 दिवस असतात आणि अर्ज हस्तांतरित झाल्यास आणखी पाच. कलम 69अ च्या प्रकरणात बहुधा नकार येईल, याची तयारी ठेवावी. त्यात 2009 च्या नियमांतील नियम 16 पुढे केला जातो, जो या कार्यवाहीविषयी कडक गोपनीयता पाळण्यास सांगतो. येथे खचून जाऊ नये, कारण अपिलात मांडायला तीन भक्कम मुद्दे आहेत. माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 22 या कायद्याला इतर कायद्यांतील विसंगत तरतुदींवर वरचढ ठरवते, तेव्हा कायद्याखाली केलेला एक नियम त्याला अडवू शकत नाही आणि नकार द्यायचाच असेल तर तो कलम 8 किंवा 9 मध्येच बसवावा लागेल. कलम 7(8) नुसार नकाराची कारणे द्यावी लागतात आणि कलमाचा क्रमांक लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे. कलम 19(5) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, अर्जदारावर नाही. श्रेया सिंघल प्रकरणात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील आक्षेपार्ह संदेशांबद्दल शिक्षेचे कलम 66अ रद्द केले आणि 69अ कायम ठेवले, पण ते ठेवताना आदेशात लेखी कारणे असतात म्हणजे ते न्यायालयात तपासता येतात, हा आधार घेतला. कारणे कोणालाच दाखवायची नसतील तर ती तपासणार कोण, हा प्रश्न अपिलात याच शब्दांत विचारावा.

अडवलेले संकेतस्थळ तुमचे स्वतःचे असेल, तर तुमची बाजू अधिक बळकट आहे. हुंड्याच्या प्रथेवर उपहास करणाऱ्या एका संकेतस्थळाच्या चालकाला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यावी, असे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले. अशा मालकाने अपिलांची वाट न पाहता वकिलाशी बोलून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली जाण्याचा विचार करावा.

वाचक म्हणून अर्ज केलेल्यांनी नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास मुदत संपल्यापासून, 30 दिवसांत प्रथम अपील करावे. केंद्रात त्याला शुल्क नाही, राज्यात जोडपत्र ‘ब’ वर 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्याचा निर्णय 30 आणि फार तर 45 दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर 90 दिवसांत दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे किंवा राज्याच्या प्रकरणात राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे करावे. केंद्रीय आयोगाची सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातूनही होते, त्यामुळे दिल्लीला जावे लागेल म्हणून कोणी माघार घेऊ नये. मूळ अर्ज, पोच, उत्तर, प्रथम अपील आणि सुरुवातीचे स्क्रीनशॉट तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावावेत आणि सुनावणीला जाताना त्या फाइलचा एक संच आयुक्तांसाठी वेगळा न्यावा.