साखर कमी करायची, तर आधी आंबट-कडू कमी करा

सुरुवात चहाच्या कपापासून नको, किराण्याच्या यादीपासून करा. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो साखर आणि एक किलो गूळ लागत असेल, तर माणशी रोजचे साधारण ४२ ग्रॅम झाले. बिस्किटं, सॉस, बाहेरचा चहा, पेढे-जिलबी यांतली साखर यात धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मर्यादेनुसार, रोज २,००० कॅलरी घेणाऱ्या माणसाच्या पोटात अशी साखर ५० ग्रॅमपेक्षा कमी जावी, आणि जमल्यास २५ ग्रॅमपेक्षाही कमी. मध आणि फळांचा रस या हिशेबात येतात. अख्खं फळ आणि साधं दूध येत नाही. गूळही येतो. गुळाचा बहुतांश भाग साखरच असते, म्हणून साखर बंद करून तेवढाच गूळ घालणं हा चवीचा बदल आहे, साखर कमी करणं नव्हे.

पाच किलोंवरून अडीच किलोंवर यायला चार महिने घ्या: ५, ४, सव्वातीन, अडीच. एक तारखेला महिन्याची साखर आणि गूळ मोजून डब्यात भरा आणि मध्येच नवी पिशवी आणू नका. घरात कुणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्यांच्या खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच ठेवून गोड एकदम कमी केलं, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता मुख्य गोष्ट. साखर कमी केल्यावर जीभ कुरकुरते, ती नुसतं गोड कमी झालं म्हणून नव्हे. साखरेखाली झाकलेला कडवटपणा, तुरटपणा किंवा आंबटपणा उघडा पडतो, म्हणून. तो आधी कमी केला, तर गोडाची गरज आपोआप घटते.

चहाचंच बघा. शीग लावलेल्या चमच्यात ६ ते ७ ग्रॅम साखर मावते, सपाट चमच्यात ४. कपाला शिगेचे दोन चमचे आणि दिवसाला तीन कप, म्हणजे ३९ ग्रॅम नुसत्या चहातून. पहिल्या आठवड्यात चमच्यांची संख्या तीच ठेवा, फक्त चमचा सुरीच्या पाठीने सपाट करा. तेवढ्याने ३९ चे २४ होतात. पुढे दर दहा दिवसांनी कपामागे पाव चमचा कमी करा. याच काळात चहा करण्याची पद्धतही बदला. पावडर घालून पाच-सात मिनिटं खळखळ उकळलेला चहा तुरट होतो, आणि तो तुरटपणा मारायलाच दोन चमचे लागतात. आलं, वेलची किंवा गवती चहा पाण्यात आधी उकळून घ्या, पावडर शेवटी घाला, मिनिटभर उकळी येऊ द्या, गॅस बंद करून दोन मिनिटं झाका. दूध थोडं वाढवलं तरी चालेल. दुधातल्या प्रथिनांमुळे तुरटपणा सौम्य होतो.

पातेल्यात सगळ्यांची साखर एकत्र घालणं बंद करा, ज्याने त्याने आपापल्या कपात घ्यावी. इथे एक चूक हमखास होते. नीट ढवळलं नाही तर साखर तळाशी बसते, वरचा घोट फिका लागतो आणि आणखी अर्धा चमचा पडतो. एका दिवसात बिनसाखरेच्या चहावर उडी मारणाऱ्यांचं बहुतेकदा चौथ्या-पाचव्या दिवशी बिनसतं, कारण चहातली भूक बिस्किटांवर भागवली जाते.

आमटी-भाजीतली साखर चिमटीने पडते, म्हणून हिशेबात येत नाही. आमटीत गुळाचा मोठा खडा लागतो तो चिंच किंवा आमसुलं जास्त झाल्यामुळे. चार आमसुलांच्या जागी दोन घाला, गूळ सुपारीएवढा पुरतो. काकडीच्या कोशिंबिरीत साखर लागते कारण दही आंबट असतं; ताजं दही घ्या, मग दाण्याच्या कुटाची गोडी पुरते. गाजर-बिटाच्या कोशिंबिरीला तर साखरेची गरजच नाही. पोह्यांवर ओलं खोबरं जरा सढळ हाताने घाला आणि साखरेचा चमचा सोडून द्या.

सणाच्या पदार्थांत साखरेचं काम गोडीपुरतं नसतं, म्हणून प्रमाण विचार करून बदला. शिऱ्यात वाटीभर रव्याला वाटीभर साखरेऐवजी अर्धी घाला. पण साखर विरघळून जी ओल देते ती कमी झाल्याने शिरा कोरडा होतो, म्हणून पाव वाटी दूध वाढवा आणि एक पिकलेलं केळं कुस्करून घाला. श्रीखंडात एक किलो चक्क्याला ७५० ग्रॅम साखर घालत असाल, तर ४५० ग्रॅम पुरते. अट एकच: चक्का आंबट नको. दही लागल्या लागल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि पंचासुद्धा फ्रिजमध्येच रात्रभर टांगा. असं श्रीखंड घट्ट होतं, दोन-तीन चमचे दुधाने सैल करा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. पुरणात वाटीभर डाळीला पाऊण वाटी गूळ चालतो. ते लवकर आटतं, तेव्हा लक्ष ठेवा, नाहीतर पोळी लाटताना फुटेल. बेसन लाडू तुपावर वळतात, म्हणून त्यांत पिठीसाखर कमी करता येते. पाकातले रवा लाडू आणि चिक्की मात्र साखरेवरच उभी असतात. मुरंब्यात तर साखर टिकवण्याचं काम करते. ती निम्मी केलीत तर बरणी आंबेल किंवा बुरशी येईल. अशा पदार्थांची कृती बदलू नका, ताटातला वाटा लहान करा.

पाकिटावर 'शुगर' या शब्दाशिवाय माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी नावं शोधा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे यांतलं काही पहिल्या तिनांत असेल तर पाकीट परत ठेवा. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी याच कारणाने टाळाव्यात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या विभागातून काढायला सांगितलं होतं. कोलाच्या बाटलीवर आकडा १०० मिलिलिटरचा असतो, आणि आपण पितो ३००; म्हणजे तिप्पट करा, सुमारे ३२ ग्रॅम होतात. उसाच्या रसाचा मोठा ग्लासही याच पंक्तीत बसतो.

उन्हाळ्यात कोकमाचं सरबत करायचं, तर बाटलीवरचं नाव वाचून घ्या. 'कोकम अमृत' किंवा 'सिरप' म्हणजे साखरेत मुरवलेलं. 'आगळ' म्हणजे बिनसाखरेचं. ग्लासभर पाण्याला दोन चमचे आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लागलीच तर एक सपाट चमचा साखर. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका.