टाइल्स नंतर, ताळेबंद आधी

२०१२ च्या जूनमध्ये बार्शीहून पुण्याला आले, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चार कॉट होत्या आणि त्यातली खिडकीजवळची माझी. पगार बारा हजार. पिरंगुटजवळच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, सकाळी सव्वासहाला कंपनीची बस. आज धायरीजवळ माझ्या नावावर वन बीएचके आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता जातो. मधल्या दहा वर्षांत काय केलं, असं ऑफिसातल्या नव्या मुली विचारतात. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकदा सलग लिहिते.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. आमच्या भागातल्या एका सहकारी बँकेत त्यांनी निवृत्तीचे पैसे ठेवले होते. का, तर अध्यक्ष ओळखीचे, आणि व्याज इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त. एके दिवशी बँकेवर निर्बंध आले आणि पैसे अडकले. तेव्हा ठेवींना विम्याचं संरक्षण होतं फक्त एक लाखापर्यंत (आता २०२० पासून पाच लाख आहे, एका बँकेत एका माणसामागे). बाबा कपाटातून त्या बँकेचे वार्षिक अहवाल काढून बसले. दरवर्षी घरी यायचे, गुळगुळीत कागदावर छापलेले. एकही उघडलेला नव्हता. त्यांच्या शेजारी बसून मी आयुष्यातला पहिला ताळेबंद वाचला, आणि थकीत कर्जाचा आकडा तीन वर्षं वाढत चाललेला आम्हा दोघांनाही दिसला. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीला कळत होतं, म्हणजे ते फार अवघड नव्हतं.

तेव्हापासून पैशाच्या बाबतीत मी एकच गोष्ट धरून ठेवली. माणूस कितीही चांगला असो, आधी कागद वाचायचा. बाकी माझं सगळं साधंच होतं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची बँकेतली ठेव, कापली जायची. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निधीचं खातं, काढलं, पंधरा वर्षं हात लावायचा नाही हेच त्याचं बळ. ऑफिसात भिशीही लावली, पण रोज एका टेबलावर डबा खाणाऱ्या बाराजणींची, आणि रक्कम बुडाली तरी रडू येणार नाही एवढीच. कॉटवरून दोघींच्या खोलीत, तिथून कोथरूडला तिघींच्या फ्लॅटमध्ये, असं सरकत गेले. पगार वाढला की राहणीमान वाढतंच, मी काही तपस्विनी नव्हते. पण वाढीतला निम्मा भाग आरडीला जोडायचा हा नियम बहुतेक वर्षी पाळला. २०२२ पर्यंत पगार अठ्ठावन्न हजार आणि शिल्लक साडेतेरा लाख.

घर घ्यायचं ठरवल्यावर पहिला धक्का बसतो तो हिशोबाचा. फ्लॅट अडतीस लाखांचा. तीस लाखांच्या वर, पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही, आणि त्या किमतीत स्टँप ड्युटी धरत नाहीत. मला तीस लाख मिळाले. म्हणजे आठ लाख माझे. वर स्टँप ड्युटी. महाराष्ट्रात २०२१ पासून खरेदीदार फक्त बाई असेल तर एक टक्का सवलत आहे, म्हणून मला पुण्यात पाच टक्के पडली, एक लाख नव्वद हजार. एक एप्रिल २०२२ पासून मेट्रोसाठीचा एक टक्का अधिभार परत लागणार होता, त्यामुळे मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात लग्नाच्या हॉलसारखी गर्दी होती. नोंदणी फी तीस हजार, दलाली अडतीस हजार. मग वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीचे कागद तपासल्याचा), वायरिंग, रंग, गीझर. सगळं मिळून माझ्या खिशातून साडेअकरा लाख गेले. 'वीस टक्के जमवले की झालं' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तीस टक्के धरा. आणि घर झाल्यावर खात्यात सहा हप्त्यांएवढे पैसे उरलेच पाहिजेत. माझे उरले होते, आणि ते का लागतात ते वर्षभरात कळलं.

कर्ज मिळालं ६.९ टक्क्यांनी. वीस वर्षं, हप्ता २३,०७९. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे देते तो, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीपर्यंत चारावरून साडेसहावर नेला. माझा दर ९.४ झाला. हप्ता मात्र तोच होता, म्हणून मी खुशीत! मग एका रविवारी स्टेटमेंट काढलं. तीस लाखांवर ९.४ ने महिन्याचं व्याज होतं २३,५००. माझं मुद्दल थोडं उतरलं होतं, तरी हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जात होता आणि मुदत गुपचूप लांबली होती. बँकेत गेले, हप्ता वाढवून २७,८०० करून घेतला. पहिले काही महिने त्या राखलेल्या पैशांनीच तोल सांभाळला. आता तर नियमच आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने तुम्हाला विचारायचं. पण विचारल्याचं पत्र उघडावं तुम्हालाच लागतं. बदलत्या दराच्या कर्जात आधी पैसे भरले तर दंड नसतो, त्यामुळे दिवाळीचा बोनस मी कर्जात टाकते. करसवलतीच्या भरवशावर कर्ज मोठं करू नका. स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही.

हे झालं बँकेचं. खरा अभ्यास सोसायटीचा, आणि तो कुणीच करत नाही. लोक टाइल्स बघतात, किचनचा ओटा बघतात, हॉलमध्ये सोफा कुठे बसेल ते बघतात. अहो, फ्लॅट घेता म्हणजे एका छोट्या गावाच्या तिजोरीत हिस्सा घेता. मी एकूण अकरा फ्लॅट पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागितले. सात ठिकाणी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचा पगार विचारला. एका चकचकीत सोसायटीत चाळीस फ्लॅट, प्रवेशद्वाराशी कारंजं, आणि ताळेबंदात 'सदस्यांकडील येणे' नऊ लाख! कारंजं कुणाच्या पैशाने चाललं होतं देव जाणे.

बघायचं ते एवढंच. थकबाकी किती आणि वाढतेय की उतरतेय. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायचा निधी, वेगळ्या ठेवीत आहे की रोजच्या खर्चात विरघळलाय. ऑडिटरने हिशोबाला वर्ग (दर्जा) कोणता दिलाय आणि काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल गेलाय का. इमारत पंधरा वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कधी झालं. तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि पुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. आणि जमीन कुणाच्या नावावर आहे. पुण्या-मुंबईत कितीतरी सोसायट्या अशा आहेत, जिथे लोक पंचवीस वर्षं राहतात आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. त्यासाठी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डर सही करत नसला तरी जमीन सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने सोसायटीच्या नावावर, करून घ्यावं लागतं. ते झालेलं असेल तर दोन लाख जास्त मोजा, माझं मत.

आणखी एक विचारा: ही सोसायटी आहे की अपार्टमेंट? बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात. पण १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची सोसायटी वेगळी आणि १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं अपार्टमेंट वेगळं. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, वन बीएचके असो की थ्री. पाणीपट्टी नळांवर. अपार्टमेंटमध्ये खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. निम्मी भांडणं हे माहीत नसल्यामुळे होतात आणि उरलेली पार्किंगमुळे.

आमची सोसायटी चोवीस फ्लॅटची. १९९४ ची, तीन मजली, लिफ्ट नाही. ताळेबंद स्वच्छ, थकबाकी अकरा हजार. पण व्यवहाराच्या वेळी समितीने हळूच 'विकास निधी'चे एक लाख मागितले. उपविधी म्हणजे सोसायटीचे नियम, त्यांच्याप्रमाणे हस्तांतरणाचं अधिमूल्य (मालक बदलताना सोसायटी घेते ती जादा रक्कम) पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. हस्तांतरण फी पाचशे, प्रवेश फी शंभर. मी उपविधींचं पुस्तक पुढे ठेवलं आणि म्हटलं, "काका, एक लाख कुठे लिहिलंय तेवढं दाखवा, मी आत्ता चेक देते." सेक्रेटरी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पंचवीस हजारांची पावती मिळाली. आणि पन्नास रुपयांचे दहा शेअर. शेअर बाजारात कधी न गेलेल्या बाईची ही पहिली शेअर खरेदी.

एवढं सगळं वाचून आले, आणि पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडले. आमच्याकडे पाण्याचा पंप लावायची पाळी असते. महापालिकेचं पाणी पहाटे खालच्या टाकीत येतं, ते पाच वाजून चाळीस मिनिटांनी पंपाने वर चढवायचं. दर आठवड्याला एक फ्लॅट. चावी माझ्याकडे आली ती बुधवारी. गुरुवारी शहरात पाणी बंद, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निवांत झोपले. अगं, बंद असतं म्हणूनच खालची टाकी होती तेवढी वर चढवायची असते! सकाळी सातला चोवीस घरांतल्या बादल्या कोरड्या. समोरच्या काकूंनी दार वाजवलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "उठलीस का? चल, मी दाखवते. व्हॉल्व्ह कुठला आधी उघडायचा ते कागदावर नाही कुठे."

त्याच दिवशी अख्ख्या इमारतीला माझं नाव कळलं. 'एकटीच राहणार का?' हा प्रश्न तोवर तीन जणांनी विचारून झाला होता, त्यानंतर कुणी विचारला नाही. मी 'पंप विसरलेली' झाले होते, आणि एकटी बाई यापेक्षा ती ओळख बरी. माझी जादा किल्ली तेव्हापासून काकूंकडे असते. डेंग्यू झाला तेव्हा त्या किल्लीनेच दार उघडलं गेलं.

नव्यांना अजून तीन गोष्टी. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा होते, तिला पहिल्या वर्षापासून जा, फरसाणासाठी का होईना. आणि कचरा नीट वेगळा करून द्या. पुण्यात तो घरोघरी घ्यायला येणाऱ्या ताई बहुतेक 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या असतात; त्याही कुठल्यातरी सहकारी संस्थेच्या सभासद, आपणही. नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनीचा फॉर्म, लगेच भरा. मी भावाचं भरलं, आणि जोडीला इच्छापत्रही केलं, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

दुसऱ्या वर्षी मला खजिनदार केलं. समितीत दोन जागा महिलांसाठी राखीव असतात आणि दुसरी कुणी तयार नव्हती, एवढंच कारण. पहिल्याच आठवड्यात सिंकिंग फंडाचा हिशोब मांडला. तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का घ्यायचा असतो. आमचा खर्च १९९४ चा, फ्लॅटमागे दोन लाख. म्हणजे वर्षाला पाचशे रुपये. चोवीस फ्लॅटचे बारा हजार. तीस वर्षांचे, व्याज सोडून, तीन लाख साठ हजार. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं पाच लाखांचं. ताळेबंद स्वच्छ होता, पण अपुरा होता. घर घेताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सभेत महिना तीनशे रुपये वाढवायचा ठराव मांडला. दीड तास वाद झाला. पेन्शनवर जगणाऱ्या दोघांना ते खरंच जड होतं. शेवटी काकूंच्याच सुचवणीवरून तिमाही न घेता महिन्याला घ्यायचे ठरले, आणि ठराव सोळा विरुद्ध तीन असा मंजूर झाला.

गेल्या महिन्यात चौदा नंबरमध्ये एक मुलगी भाड्याने आली, लातूरची, पहिली नोकरी. "ताई, आरडी कुठे काढू?" असं विचारत होती. म्हटलं, सांगते, आधी खाली चल. पुढच्या बुधवारपासून तुमच्या फ्लॅटची पाळी आहे. तो लाल व्हॉल्व्ह दिसतोय ना, तो आधी.