मांडवात जोसेफ मेरिक कसा करावा

यंदा गणपतीत एकपात्रीसाठी जोसेफ मेरिक निवडलाय ना, शरीर बेढब वाढल्यामुळे ज्याला ‘हत्तीमाणूस’ म्हणायचे तो? मग आधी रंगपेटी बंद करा. तोंडावर कापूस आणि लेटेक्स थापून आलात, की इंदूरच्या राजेंद्रनगरचा मांडव आणि १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल रोडवर ज्या दुकानात लोक पैसे टाकून त्याला बघायचे ते दुकान, यात फरक काय उरला?

सुरुवात त्याच्या पोटापाण्यापासून करा. १८६२ साली लेस्टरला जन्म, दहाव्या वर्षी आई गेली. सिगार वळायच्या कारखान्यात लागला, उजवा हात जड होत गेला, काम सुटलं. मग बापाच्या दुकानातलं किरकोळ सामान दारोदार विकणं. शेवटी वर्कहाउस, म्हणजे सरकारी अनाथालय आणि तुरुंग यांच्या मधलं काहीतरी. तिथून त्याने सॅम टॉर नावाच्या तमाशावाल्याला स्वतःहून पत्र लिहिलं. हे वाक्य सावकाश म्हणा. लोकांना वाटतं त्याला कुणी पकडून नेलं.

लंडनच्या रुग्णालयातला त्याचा डॉक्टर ट्रीव्ह्ज देव आणि खेळ लावणारा टॉम नॉर्मन राक्षस, असं करू नका. ट्रीव्ह्जने १९२३ च्या आठवणींत मेरिकचं नावसुद्धा जॉन लिहिलंय! खेळातून मेरिकने पन्नासेक पौंड साठवले होते. ते लुबाडले बेल्जियममधल्या दुसऱ्याच मॅनेजरने. दोन खुर्च्या ठेवा, एकीवर डॉक्टर, दुसरीवर नॉर्मन. खुर्ची बदलली की आवाज बदला. मेरिकचं बोबडं बोलणं मात्र वठवू नका, मुलं हसतात.

आजाराला एक वाक्य पुरे: १९८६ मध्ये प्रोटियस सिंड्रोमचा, म्हणजे शरीराचे काही भाग बेसुमार वाढण्याच्या दुर्मीळ आजाराचा तर्क पुढे आला.

प्रॉपर्टी दोनच. एक, मेरिक घालायचा तशी टोपी, पुढे राखाडी फलालीनचा पडदा, त्याला आडवी चीर. कापड क्लॉथ मार्केटात मिळेल. ती घालू नका, टेबलावर ठेवा. दुसरं, पुठ्ठ्याचं चर्च. लंडनच्या रुग्णालयात राहताना त्याने असं एक केलं होतं, ते तिथल्या संग्रहालयात ठेवलं होतं. त्याचा डावा हात धड होता, म्हणून तुम्ही उजवा खिशात घालून डाव्याने जोडा. खजुरी बाजारातून जाड पुठ्ठा आणा, तुकडे घरीच कापा आणि खळ नको, दुहेरी टेप लावा. भिंत दोनदा पडेल. पडू द्या, बोलत राहा.

शेवटी मृत्यू ११ एप्रिल १८९०, वय २७, एवढंच सांगा. आणि साउंडवाल्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो तिथे बासरी लावतोच.