गोठ्यात जनावर हाताळताना घ्यावयाची काळजी

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात गोठ्यावर राबणाऱ्यांनी प्रथम जनावराची नजर समजून घ्यावी. गाय-म्हशीला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, पण नेमके पाठीमागचे दिसत नाही. म्हणून थेट मागून न जाता, आवाज देत खांद्याच्या बाजूने जवळ जावे. गाईची लाथ मागेच नव्हे, तर पुढे वळून बाजूलाही बसते.

कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नये. बिथरलेला खिलार बैल ओढू लागला की दोर सुटत नाही आणि बोटे चिरडतात, प्रसंगी तुटतात. गुंडाळल्याने पकड घट्ट राहते हे खरे; पण ती वेळेवर सुटायलाही हवी.

व्यालेली गाय आणि तिचे वासरू यांच्या मध्ये उभे राहू नये. व्याल्यावर न पडता अडकलेली वार (गर्भाभोवतीचे वेष्टण) उघड्या हाताने काढू नये, कारण सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) या जनावरांच्या रोगाचे जंतू माणसालाही बाधतात.

शिंगाची जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीला ५ वर्षे उलटली असल्यास डॉक्टरांकडून ती पुन्हा घ्यावी. पोटावर लाथ बसल्यास, वरून खरचटलेले नसले तरी आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा हळद लावून घरी न थांबता दवाखाना गाठावा.